अकरा नंबरच्या नकाशावरचा चौकोन

काकांचे डोळे कायम ओले असायचे. दुःखाचा त्यात काही संबंध नव्हता. नगररचना कार्यालयाच्या तळघरात ते एकतीस वर्षं नकाशांच्या प्रती काढत होते, आणि त्या कामाला अमोनिया लागतो. एकदा बसस्टॉपवर एका अनोळखी माणसाने त्यांना पाण्याची बाटली दिली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, "होईल सगळं नीट." काका निमूटपणे पाणी प्यायले. "तहान लागलीच होती," त्यांनी मला सांगितलं. "उगाच त्याचा हिरमोड कशाला करायचा?"

कार्यालयात सगळे त्यांना रडेकाका म्हणत. मी नुसतं काका म्हणायचे. एम. ए. करून वर्षभर घरी बसल्यावर मला तिथे अकरा महिन्यांचं कंत्राट मिळालं होतं. जुन्या नकाशांची यादी करायची आणि प्रत्येकासमोर दोन ओळींचं वर्णन लिहायचं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "शिक्षण कशात?"

"साहित्यात."

"आणि इथे काय करणार?"

"वर्णन."

ते खूप वेळ हसले. डोळे पुसले, पुन्हा हसले. त्या दिवसापासून मी साहित्यिक झाले. "साहित्यिक, ती गुंडाळी दे." "साहित्यिक, दरवाजा लाव, वाफ बाहेर जातेय." इतक्या वेळा मला त्या नावाने दुसऱ्या कुणीही हाक मारलेली नाही.

त्यांचं काम मला फार आवडायचं. मूळ नकाशा पारदर्शक कागदावर शाईने काढलेला असतो. त्याच्याखाली औषध लावलेला कागद ठेवायचा. दोन्ही मिळून यंत्राच्या काचेवरून, दिव्यांच्या उजेडातून जाऊ द्यायचे. जिथे उजेड पोचतो तिथे खालचा कागद पांढरा राहतो. जिथे शाई आडवी येते तिथे उजेड पोचत नाही, आणि नंतर अमोनियाची वाफ लागली की गडद निळी रेघ उमटते. "नकाशा म्हणजे दुसरं काय," काका म्हणायचे, "उजेड कुठे अडला त्याची नोंद."

अकरा नंबरचा नकाशा सर्वांत जास्त वापरातला होता. शहराचा जुना मध्यभाग त्यात होता, आणि काकांची गल्लीही. मार्चमध्ये एका सकाळी साहेबांचा निरोप आला, बाराच्या आत अकरा नंबरच्या वीस प्रती हव्यात. काकांनी मूळ नकाशा उलगडला तर तो घडीवर फाटलेला. अशा वेळी ते मागून पातळ, आरपार दिसणारा कागद खळीने चिकटवायचे. तो वाळायला चार तास लागतात. हाताशी दोनच तास होते. काकांनी पार्सलाची तपकिरी चिकटपट्टी घेतली, अंगठ्याएवढा चौकोनी तुकडा कापला आणि मागून लावून टाकला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

तपकिरी पट्टीतून उजेड जात नाही. वीसच्या वीस प्रतींवर एक भरीव निळा चौकोन उमटला. बरोबर त्यांच्या गल्लीवर.

हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि प्रती वाटल्या गेल्या होत्या. त्यांना विलक्षण लाज वाटली. पण डाग तो डाग, कुणालाही कळेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग ते थांबले, पट्टी ओल्या बोळ्याने सोडवली, डिंक खरवडला आणि फाटलेली घडी नेहमीच्या पद्धतीने दुरुस्त केली. इतकी सफाईने, की बोट फिरवलं तरी कळू नये. कामात कुचराई झाली तर ती दुसऱ्या दिवसावर टाकायची नाही, हा त्यांचा स्वभाव. त्या स्वभावानेच त्यांचा घात केला.

यातलं काहीही मला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्या वीस प्रतींपैकी एक माझ्या टेबलावर यादीसाठी आली. आमच्या नकाशांत दहा मजल्यांपेक्षा उंच इमारती भरीव दाखवतात. शहरात तेव्हा तशा सहाच होत्या आणि त्या नकाशात ठिपक्यांसारख्या दिसत. हा चौकोन त्या सहांना एकत्र पोटात घेईल एवढा होता. मी साहेबांना विचारायला गेले.

साहेबांनी चष्मा वर केला. खाली केला. माहीत नाही असं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

"उंच इमारत आहे. भरीव दिसत नाही का?"

"पण तिथे तर बैठी घरं आहेत, सर."

"मग नियोजित असेल. लिहा नियोजित."

मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "नियोजित अतिउंच इमारत." ते 'अति' माझं होतं. वाक्याला तोल येत होता.

यादी बाहेरच्या फलकावर लागली. बाकीचं शहराने केलं.

काकांच्या गल्लीच्या तोंडाशी एका न्हाव्याचं दुकान होतं. बातमी तिथे पोचली तेव्हा इमारत तीस मजल्यांची होती. दाढी होईपर्यंत चाळीस व्हायची. इस्त्रीवाल्याच्या मेहुण्याने तिचं चित्र पाहिलं होतं. कुणाच्या तरी चुलत जावेने वरच्या मजल्यावरून समुद्र दिसेल असं ऐकलं होतं. आमच्या शहराला समुद्र नाही. "एवढ्या उंचीवरून दिसत असेल कुठलातरी," न्हावी म्हणाला. काका खुर्चीत बसून हे ऐकत होते, गळ्याभोवती कापड, गालाला साबण.

"असं काही नाहीये," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी नकाशांच्या खात्यात आहे."

"तेच तर," न्हावी आरशातून बघत म्हणाला. "म्हणून तर तुम्ही सांगणार नाही. आणि बघा, डोळ्यांत पाणी पण आलंय!"

त्याच आठवड्यात काकांनी मला तळघरात बसवून पट्टीची सगळी हकिगत सांगितली. मी त्यांना 'अति'ची सांगितली. काकांनी यंत्रावरचं फडकं घडी करून ठेवलं.

"साहित्यिक," ते म्हणाले, "आपण दोघांनी मिळून एक इमारत बांधली की गं."

ते हसले नाहीत. का, ते मला कळत होतं, कारण त्यांच्या अक्काला मी तोवर ओळखत होते.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. आई लवकर गेली तेव्हा काका सहा वर्षांचे होते. अक्काने शिवणयंत्र भाड्याने घेतलं, भावाला वाढवलं, दोन खोल्यांचं घर उभं केलं, त्यावर गच्ची काढली. मग तिचं लग्न राहिलं, आणि तिला एकटीला सोडायचं नाही म्हणून यांचंही राहिलं. आता तिला माणसांच्या जागी फक्त आकार दिसायचे. पण घरात ती भरभर चालायची. कुठे काय आहे ते तिच्या पावलांना पाठ होतं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, हिची जागा बदलू नका, नव्या जागेत ही महिनाभर टिकणार नाही. अक्काने तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. "बाळ, मी इथून आडवीच निघेन." साठीला आलेल्या भावाला ती बाळ म्हणायची. आणि बाळने तिला शब्द दिला होता.

काका साहेबांकडे गेले. मूळ नकाशा घेऊन, मला साक्षीला घेऊन. पट्टीची चूक त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केली. साहेबांनी मूळ नकाशा खिडकीशी धरला.

"कुठाय पट्टी?"

"काढली, साहेब. नीट दुरुस्त केलं."

"मग पुरावा काय?"

"हाच की. यात चौकोन नाही."

"हा कधीचा?"

"एकवीस वर्षांपूर्वीचा."

"आणि प्रत?"

"मार्चमधली."

"मग नवीन काय आहे, मूळ की प्रत?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाकडे.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी वर चौकशी केली. वरच्यांकडेही त्या वीसपैकी चार प्रती होत्या. वरच्यांना वाटत होतं, ही गोष्ट खालून आलीय. खालच्यांना वाटत होतं, वरून. "आता तो डाग राहिला नाही, काका," साहेब हळू आवाजात म्हणाले. "आता ते नियोजन आहे. हरकतींना तीस दिवस आहेत. रीतसर हरकत घ्या. दुरुस्त प्रत जोडा. सुनावणीत मी बोलतो."

दुरुस्त प्रत काढायला दहा मिनिटं लागतात. पण औषध लावलेला कागद संपला होता. पुरवठा तीन आठवड्यांनी येणार होता.

त्या तीन आठवड्यांत मी चार-पाच वेळा गल्लीत गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा ज्यांना दुसरीकडे आसरा होता ते निघून गेले होते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा आसरा नसलेलेही. कुणी त्यांना काढलं नव्हतं. साधी नोटीससुद्धा आली नव्हती. आज ना उद्या जायचंच आहे, तर शेवटचे कशाला राहा, एवढाच प्रत्येकाचा हिशेब होता. दारं नुसती लोटलेली. एका घरात नळ ठिबकत होता. मी आत जाऊन बंद केला आणि बाहेर येताना उगाच "येते हं" म्हणाले.

न्हावी अजून होता. दुपारचे तीन वाजले होते आणि बाहेर ऊन रणरणत होतं. त्याने दुकानात दिवा लावला होता.

"दिवसाढवळ्या?" मी विचारलं.

"तीननंतर अंधारून येतं हल्ली," तो म्हणाला. "सावली पडते ना."

"कशाची?"

तो कात्री पुसत राहिला. मी दुकानात वळून बघितलं. कोपऱ्यात खरंच अंधार होता. मी स्वतःला समजावलं की दुकान पूर्वेकडे तोंड करून आहे, दुपारी अंधार असणारच.

मग मी वर पाहिलं. पारव्यांचा एक थवा घरांवरून येत होता. गल्लीच्या मधोमध आल्यावर तो दुभंगला. अर्धे डावीकडून गेले, अर्धे उजवीकडून, आणि पलीकडे जाऊन पुन्हा एक झाले. मध्ये नुसतं आकाश होतं. दुसरा थवा आला. तोही दुभंगला. न्हावी माझ्यामागे येऊन उभा राहिला होता.

"आता बोला," तो म्हणाला.

पुढच्या वेळी गेले तेव्हा त्याच्या दुकानाला कुलूप होतं.

अक्काला बाहेरचं कुणी काही सांगत नव्हतं. सांगायला कुणी उरलंच नव्हतं. काकांनी तिला सगळे उन्हाळ्यासाठी गावाला गेलेत असं सांगायचं ठरवलं होतं आणि पहिल्याच वाक्यात अडकले होते. खोटं बोलायचा सरावच नव्हता. त्यांनी सगळं खरं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "पण इमारत येणार नाही, अक्का. डाग आहे तो."

"डाग काढता येतो बघ," अक्का म्हणाली. "मी काय कमी काढलेत? तू शाळेत असताना रोज शाईने भरून यायचास."

त्यानंतर थोड्या दिवसांनी मी तिच्यापाशी बसले होते. ती बोलता बोलता थांबली आणि मान तिरकी केली.

"काय झालं, अक्का?"

"थांब. खाली येतेय."

"काय?"

"लिफ्ट." तिने थोडा वेळ ऐकलं. "गेली वर. दुपारभर चालू असते मेली. लोकांना पाय आहेत की नाहीत?"

मीही ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही. पण पाण्याच्या भांड्यावरचं झाकण बारीक थरथरत होतं.

मी काकांना हे सांगितलं नाही. मे महिन्यातल्या एका गुरुवारी कागद आला. हरकतीची मुदत शुक्रवारी संपत होती. आम्ही दुपारी दोन वाजता तळघराचं दार लावून घेतलं. काकांनी यंत्राची काच स्पिरिटने पुसली, मग कोरड्या फडक्याने, मग स्वतःच्या सदऱ्याने. मूळ नकाशा दिव्यावर धरला. मी गल्लीवरून बोट फिरवलं. काकांचं घर बारीक रेघांत काढलेलं होतं, शेजारची घरं होती, मधली मोकळी जागा होती. काही डाग नाही, काही पट्टी नाही.

"चल," ते म्हणाले. नकाशा आणि कागद दिव्यांखालून गेले. मग वाफेत. प्रत बाहेर आली, ओलसर, कोमट. गल्लीवर निळा चौकोन होता.

काकांनी काच पुन्हा पुसली. दुसरी प्रत काढताना नकाशा उलटा, डोकं खाली करून घातला. काचेवर काही असतं तर डाग दुसऱ्या जागी पडला असता. तो गल्लीवरच पडला. मग बारा नंबरचा नकाशा घातला. प्रत स्वच्छ आली. तिसऱ्यांदा अकरा नंबर घातला आणि आम्ही दोघं वाकून वाट बघत राहिलो.

या वेळी चौकोन नुसता भरीव नव्हता. आत बारीक पांढरे ठिपके होते. ओळीने. एकाखाली एक, खूप ओळी. काही ठिकाणी ठिपका नव्हता, जसं एखाद्या खोलीत दिवा लावायला कुणी नसावं. मी नकळत वरून मोजायला लागले. काकांनी माझं मनगट धरलं.

"मोजू नकोस."

मग त्यांनी यंत्र बंद केलं, अकरा नंबरच्या तिन्ही प्रती गुंडाळल्या आणि दोरा बांधला. त्या वेळीही त्यांनी दोऱ्याची गाठ नेहमीसारखी, सुटायला सोपी अशी मारली.

"आणि हरकत?" मी विचारलं.

"काय जोडू हरकतीला? हे?" ते खुर्चीवर बसले. "मावसभावाला निरोप धाडलाय. एक खोली देतो म्हणतो. अक्काला आज सांगायला हवं. तू येशील बरोबर? माझ्या एकट्याच्या तोंडून नाही निघायचं."

आम्ही चालत गेलो. गल्लीत वारा होता. बाकी शहरात पान हलत नव्हतं. आमच्या पायांशी कागदाचे कपटे गोल फिरत होते आणि वर जात होते.

घराचं दार उघडं होतं. अक्का दारात खुर्ची टाकून बसली होती. तिने चांगलं लुगडं नेसलं होतं, केस विंचरले होते. मांडीवर एक पिशवी होती, शेजारी शिवणयंत्राचं डोकं कापडात बांधून ठेवलेलं.

"आलास, बाळ? बरोबर कोण? ती वर्णनवाली का?" ती म्हणाली. "बरं झालं. ते यंत्र उचलायला हात लागेल."

काका तिच्यापुढे उकिडवे बसले. "अक्का, मी काय सांगतो ते नीट ऐक. आपल्याला इथून—"

"कितवा मजला?"

"काय?"

"कितवा मिळाला आपल्याला? सकाळपासून तयार होऊन बसलेय. माणसं जाताहेत जिन्याने, सामान नेताहेत. न्हाव्याचा आवाज आला मघाशी. त्याला म्हटलं, थांब, माझा भाऊ कचेरीतून येऊ दे."

"अक्का, तू तर म्हणाली होतीस, इथून हलणार नाही."

"मग हलतंय कोण? जागा तीच की. नुसतं वर जायचं." तिने त्यांचा चेहरा चाचपला. बोटं ओली झाली. तिने ती पदराला पुसली, सवयीने. "सांग ना रे. कितवा?"

काका माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, ते आता तिला खरं काय ते सांगतील. मावसभाव, एक खोली, सामानाची गाडी. त्यांनी तिला कधी फसवलं नव्हतं. मग त्यांनी आतल्या बाजूला, गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं.

"एकोणिसावा," ते म्हणाले.

"झेपेल," अक्का म्हणाली.

तिने उठून भावाचा हात धरला. दुसऱ्या हातात त्यांनी पिशवी घेतली. शिवणयंत्र मी उचलून जिन्याच्या तळाशी आणलं. "राहू दे," काका म्हणाले, "मी पुन्हा येईन त्याच्यासाठी." माझ्या खांद्यावर त्यांनी क्षणभर हात ठेवला. हाताला अमोनियाचा वास होता.

तो जिना मी ओळखत होते. अक्काबरोबर वाळलेले कपडे आणायला कितीदा चढले असेन. बारा पायऱ्या, मध्ये एक वळण, वर पत्र्याचं दार. अक्का पायऱ्या मोजत चढायची, दिसत नसल्यामुळे. आताही मोजत होती. त्यांची पावलं वळणापलीकडे गेली.

"दहा. अकरा. बारा."

मी पत्र्याचं दार उघडल्याचा आवाज यायची वाट बघत होते.

"तेरा," अक्का म्हणाली. "चौदा. पंधरा."

मला वाटलं, तिची मोजणी चुकली. पण पावलं चालू होती. तिची सपाट, काकांची जरा घासत पडणारी. मी सहा पायऱ्या चढून वळणापर्यंत गेले आणि वर पाहिलं. वर उजेड असायला हवा होता. नव्हता. थंड हवा खाली येत होती.

"एकतीस. बत्तीस. दमलास का रे?"

"नाही, अक्का. तू चल."

"काका!" मी हाक मारली. आवाज जिन्यात घुमला आणि माझ्याकडे परत यायला त्याला वेळ लागला.

थोड्या वेळाने उत्तर आलं. फार लांबून, पण रोजच्याच सुरात, तळघरात बोलायचे तसं.

"साहित्यिक, दार ओढून घे. वारा आत येतोय."

मी खाली आले. यंत्र भिंतीला लावून ठेवलं, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून. बाहेर जाऊन दार ओढलं आणि कडी लावली. फळीला कान लावून उभी राहिले. आत अक्का मोजत होती.